वर्धा ते पैनगंगा : पडक्या दगडांच्या वाटेनं

अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं, तेव्हा कळंबची दखल त्यानं वेगळी घेतली. कळंब त्या काळी ‘सरकार’चं ठाणं होतं, म्हणजे आजच्या हिशेबात जिल्ह्याचं गाव. जुनं, मातब्बर शहर, म्हशींसाठी नावाजलेलं, आणि शेजारी चांद्याच्या गोंड राजाचा मोठा अंमल, अशी त्याची नोंद आहे. यवतमाळ त्याच ग्रंथात ‘योत-लोहारा’ या नावानं एक परगणा म्हणून येतं. आता यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि कळंब त्याचा एक तालुका.

परदेशातली पडकी शहरं बघायला आपण हौसेनं जातो. तुर्कस्तानातलं एफिसस, रोमचं कलोसियम, इंग्लंडमधले छप्पर उडालेले मठ यांचे फोटो हल्ली घरोघरच्या मोबाइलमध्ये असतात. जरूर जावं. पण यवतमाळ जिल्ह्यात आणि त्याच्या वेशीलगत एक जुनी राजधानी, एक गिरिदुर्ग, बौद्ध भिक्षूंची लेणी आणि काळ्या दगडाची कित्येक देवळं आहेत, हे खुद्द जिल्ह्यातल्या माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. वर्धा नदीपासून पैनगंगेपर्यंतची ही वाट मी फिरलो. कधी एसटीनं, कधी ओळखीच्यांच्या मोटारसायकलवर. त्या वाटेवर जे दिसलं आणि जे दिसलं नाही, त्याचा हा वृत्तान्त.

कळंब यवतमाळहून नागपूरच्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर. फेब्रुवारी २०२४मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंतची ब्रॉडगेज सुरू झाली आणि शेकडो वर्षांनी गावाचं नाव पुन्हा नकाशावर ठळक झालं. बसस्टँडवर उतरून जुनं शहर कुठे म्हणून विचारलं, तर माणसं चिंतामणीच्या देवळाकडे बोट दाखवतात. दुसरं दाखवण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही उरलेलं नाही. चक्रवती नदीकाठचं हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. विदर्भात बहुतेक देवळांना पायऱ्या चढून जावं लागतं, इथे उतरावं लागतं. प्रत्येक पायरीबरोबर उन्हाचा ताव कमी होतो, आणि खाली कुंडापाशी पोचलं की भर एप्रिलमध्येही अंगाला गारवा लागतो. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथे गणेशाची आराधना केली, अशी स्थळकथा आहे. काही वर्षांच्या अंतरानं कुंडाचं पाणी चढत चढत गणपतीच्या पायांना लागतं. ‘गंगा आली’ म्हणून मग जिल्हाभरातून लोक लोटतात. भूजलाचा अभ्यास करणाऱ्याला यात नदीकाठच्या झऱ्यांची आणि पावसाच्या चढउताराची गोष्ट दिसेल. मला दिसली ती जागा निवडणाऱ्याची जाण. जमिनीखालचं पाणी कुठे वर येतं हे ओळखून त्यानं तिथे देव बसवला, आणि सरकार, परगणा, फौज, म्हशींचा बाजार सगळं गेल्यावरही ती जागा चालू राहिली.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात कमलेश्वराचं देऊळ आहे. अबुल फजलच्या ‘योत-लोहारा’तला लोहारा तो हाच. आजूबाजूला औद्योगिक वसाहत, ट्रकांची वर्दळ, आणि मध्ये काळ्या पाषाणाचं हे हेमाडपंती काम. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याचं नाव या बांधणीला चिकटलं असलं तरी तशी देवळं त्याच्या आधी शे-दोनशे वर्षं उभी राहतच होती. बांधणीची मख्खी सांध्यात आहे. चुना नाही, माती नाही. दगड इतका सपाट घासायचा की वरचा खालच्यावर नुसत्या वजनानं बसेल, आणि जिथे सरकण्याची भीती तिथे एकाला खाच पाडून दुसऱ्याचं कुसू तिच्यात अडकवायचं. मी कमलेश्वराच्या भिंतीवरून अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं. काही सांध्यांत ते अडकलंही नाही. बेसाल्टसारखा कठीण दगड छिन्नीनं या थराला आणायला किती हात किती महिने राबले असतील, याचा विचार त्या भिंतीपुढे उभं राहूनच करावा.

अशा देवळांचं छतही उभं राहून बघण्यासारखं असतं. चार खांबांवर चार तुळया टाकल्या की मधे चौकोन उरतो. त्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवले की आत लहान चौकोन तयार होतो. त्याचे कोपरे पुन्हा कापायचे. असं करत करत वर एकच शिळा बसेल एवढी जागा उरते, आणि त्या शिळेवर कमळ कोरायचं. कमान न वापरता मोठी जागा झाकण्याची ही युक्ती साऱ्या वऱ्हाडात आणि मराठवाड्यात दिसते. लोणारचं दैत्यसूदन पाहिलेल्यांना तिचं सर्वांत श्रीमंत रूप ठाऊक असेल.

पण या देवळांत शिरताना डोळ्यांना पहिल्यांदा दिसतो तो पुष्कळदा ऑइलपेंट. जिल्ह्यातल्या एका गावात, नाव मुद्दाम घेत नाही, खांबांना भडक निळा आणि पिवळा रंग दिलेला, गाभाऱ्याला आतून स्नानघरासारख्या फरशा आणि दाराच्या कोरीव चौकटीवर सिमेंटचा गिलावा. चौकटीवरच्या गणेशपट्टीचा फक्त उंचवटा हाताला लागत होता. वर्गणी काढून काम केलेली माणसं मोठ्या आनंदानं मला ते दाखवत होती. त्यांच्या भक्तीबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही, की रंगाखाली दगड श्वास कोंडून झिजतो, अडकलेली ओल आतून पापुद्रे काढते, आणि हे काम पूर्ववत करायला नंतर तज्ज्ञ मिळाले तरी पैसे मिळत नाहीत. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी जिथे लागली तिथे थोडा धाक असतो. बाकीच्या देवळांचं काय व्हायचं ते गावाच्या हातात असतं, आणि गावापर्यंत हे साधं ज्ञान पोचवणारी यंत्रणा आपण उभी केलेली नाही. मला याचा फार त्रास होतो.

रावेरीचं उदाहरण म्हणून सांगावंसं वाटतं. राळेगाव तालुक्यातलं हे गाव सीतेच्या देवळासाठी ओळखलं जातं. राम नाही, लक्ष्मण नाही, एकटी सीता. वनात सोडलेली सीता इथे राहिली, लव-कुशांचा जन्म इथला, असं गाव मानतं. बाळंतिणीनं घरोघर मूठभर गहू मागितले, कोणी दिले नाहीत, तेव्हा तिच्या शापानं रावेरीत गहू पिकत नव्हता, ही कथा आजही तिथली म्हातारी माणसं सांगतात. जवळच मारुतीची आडवी, जखडलेली प्रचंड मूर्ती आहे. अश्वमेधाचा घोडा अडवणाऱ्या पोरांनी त्याला बांधून घातलं, म्हणे. हे देऊळ पडायला आलं होतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करून बायकोच्या नावावर जमीन करायला शेतकऱ्यांना लावणाऱ्या माणसाला टाकलेल्या बाईचं हे देऊळ आपलं वाटावं, यात नवल नाही. जुन्या वास्तूला आजच्या काळातलं कारण सापडलं की ती वाचते, एवढं मी रावेरीत शिकलो.

राळेगावहून वडकीला आलं की नागपूर-हैदराबादचा हमरस्ता लागतो. तो दक्षिणेला पांढरकवड्याकडे जातो. तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेऱ्या, बाजार, बसस्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर आता जगदंबेच्या देवळाचं गाव. नवरात्रात तेलंगणातूनही माणसं येतात. हे सारं गोंडकाळात महत्त्वाचं ठाणं होतं, आणि पुढे पेशवाईचा शेवटचा अंक याच मुलखात घडला. २ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याला बाजीराव दुसरा आणि इंग्रजी फौज यांची गाठ पडली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सिवनीला कर्नल ॲडम्सनं त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली. मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पांढरकवड्याजवळून वाहणाऱ्या नदीला खुनी म्हणतात, आणि लोक ते नाव या लढाईशी जोडतात. कोरेगावला स्तंभ आहे, खडकीची आठवण पुण्यात सगळ्यांना असते. मराठी राज्य जिथे शेवटचे श्वास मोजत होतं त्या या रानात मात्र प्रवाशाला थांबवून दोन ओळी सांगणारा एखादा दगड असावा, अशी फार इच्छा होते.

या भागातल्या गावोगाव गढ्या होत्या. देशमुखांच्या, पाटलांच्या, उंच मातीच्या भिंतींच्या. गावाच्या मध्यावर पांढऱ्या मातीचा ढिगारा आणि त्यावर बोरी-बाभळी दिसल्या की समजावं. एका गावात ढिगाऱ्याशी बसलेल्या म्हाताऱ्या बावाजींना विचारलं, भिंती कुठे गेल्या? “धाब्यावर गेल्या जी. पांढरी माती पान्याले रोकते ना. जो आला त्यानं बंड्या भरून नेली.” आणि पायथ्याचे दगड? “गोटे घरायले लागले. आमच्याबी घराले हायेत.” लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं, आणि नसावंच. जगभर हेच झालंय. यॉर्कशरमधला फाउंटन्स ॲबी हा ११३२मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन साधूंचा मठ. आठव्या हेन्रीनं इंग्लंडमधले मठ बरखास्त केले, त्यात १५३९ साली तोही गेला. छपराचं शिसं काढून विकलं, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी त्याचेच दगड वापरून शेजारी एका जमीनदाराचा वाडा उठला. फरक एवढाच, की पुढे त्या देशानं उरलेल्या भिंतींभोवती हिरवळ राखली, १९८६मध्ये ती जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि तिकीट काढून लोक ते पडकेपण बघायला जातात. रोममध्ये पँथियन शाबूत राहिलं, कारण ६०९ साली त्याचं चर्च झालं. कलोसियममध्ये उपासना नव्हती, तर त्याचा दगड शतकानुशतकं नव्या इमारतींना पुरला. आपल्याकडेही कळंबचा चिंतामणी राहिला आणि कळंब गेलं, त्यामागचं कारण हेच. दिवा लागतो ती वास्तू उभी राहते, मात्र तिचं मूळ रूप झाकलं जातं. दिवा लागत नाही तिचे दगड जातात. मला या दोन्हींतून वाचलेलं काही पाहायचं होतं.

ते वर्धेपलीकडे सापडलं. करंजीहून मारेगावमार्गे वणीला गेलं की कोळशाच्या खाणी सुरू होतात. झाडांच्या पानांवर काळी धूळ, रस्त्यावर टिप्पर. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा आणि भद्रावती, जुनं भांदक. इथे सापडलेल्या ताम्रपटावर शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२ हे साल आहे. वेरूळच्या कैलासाशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याचा हा दानलेख. सूर्याच्या एका देवळासाठी दिलेलं दान त्यात नोंदलेलं आहे, आणि त्यातलं एक गाव म्हणजे आपल्या यवतमाळजवळची राणी अमरावती असावी, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. बाभुळगावच्या रस्त्यावर ती पाटी वाचत आयुष्यभर ये-जा करणाऱ्यांना बाराशे वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या पत्र्यावर आपलं गाव असू शकतं, हे कळायला हवं.

भद्रावतीत किल्ल्याचे अवशेष आहेत, भद्रनागाचं देऊळ आहे, पार्श्वनाथाचं मोठं जैन तीर्थ आहे. पण मी जास्त रेंगाळलो विजासनच्या टेकडीत. तिथे बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्यासारखी सजावट नाही, खांबांची रांग नाही. डोंगरात सरळ खोदत नेलेला लांबच लांब बोळ, मुख्य लेण्यातला सुमारे ७१ फूट, आणि त्याच्या टोकाला बसलेला प्रचंड बुद्ध. दारात उभं राहिल्यावर आधी काहीच दिसत नाही. दहा-बारा पावलं गेलं की समोरच्या काळोखातून गुडघ्यांची कड, मग हात, मग चेहरा उमटू लागतो. मुख्य बोळाला काटकोनात आणखी बोळ फुटतात आणि तिथेही टोकाला बुद्ध आहेच. खोदणाऱ्यांनी काळोखाचा असा विचार करून उपयोग केला होता. भिक्षू कधी आणि का निघून गेले याची कथा गावात कोणी सांगत नाही. आता पौर्णिमेला आसपासच्या जिल्ह्यांतून पांढऱ्या वस्त्रांतली माणसं इथे वंदना म्हणायला येतात. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसांना ही लेणी आपली म्हणून परत मिळाली. ओस मठात त्याच धर्माची उपासना पुन्हा सुरू होणं ही जगातल्या भग्नावशेषांत दुर्मीळ घटना आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे.

परतीच्या वाटेवर यवतमाळात शकुंतलेचं स्टेशन पाहून घ्यावं. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज वऱ्हाडचा कापूस वाहायला खासगी कंपनीनं घातली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावलं. गाडी गेली काही वर्षं बंद आहे आणि रुळांवर गवत वाढतंय. भग्नावशेष शंभर वर्षांतही तयार होतात.

माहूरला दोन दिवस हाताशी ठेवून जावं. ते नांदेड जिल्ह्यात असलं तरी त्याची वाट आर्णी किंवा महागावहून, धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडून जाते. यवतमाळहून सत्तरेक किलोमीटर. नदी डोंगराला वळसा घालते, आणि वर सागाच्या रानात गड, रेणुका, अनसूया, दत्तशिखर असा सगळा पसारा. गावातल्या पांडवलेण्यापासून सुरुवात करावी. पांडवांचा त्याच्याशी संबंध नाही. ते राष्ट्रकूटकाळातलं खोदकाम आहे, आणि त्याचे जाडजूड खांब पाहून काम अर्ध्यात थांबल्याची जाणीव होते.

माहूरचं महत्त्व सुलतानी काळात वाढलं. बहमनी वजीर महमूद गावाननं पंधराव्या शतकात राज्याची फेररचना केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन तरफ पाडले. एक गाविलगड, दुसरा माहूर. १६२३च्या सुमारास बापाविरुद्ध बंड करून पळत सुटलेला शहाजादा खुर्रम, पुढचा शहाजहान, इथे आला. हत्ती आणि जड सामान त्यानं माहूरच्या उदारामाकडे ठेवलं आणि गोवळकोंड्याच्या दिशेनं निघून गेला. त्याच घराण्यातली सावित्रीबाई मोगलांच्या बाजूनं लढली, तिला ‘रायबागन’ हा किताब मिळाला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा खानाबरोबर ती होती. शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला तिनंच दिला, असं सांगतात. शत्रूपक्षातली असली तरी आपल्या मुलखातली ही कर्तबगार बाई. तिच्याबद्दल माहुरात एखादी पाटी तरी असायला हवी.

रेणुकेच्या पायथ्याशी दुकानांतून विडा कुटण्याचा ठोका सकाळपासून चालू असतो. नागवेलीची पानं, कात, सुपारी, बडीशेप एकजीव होईपर्यंत कुटायची, आणि तोच तांबूल देवीचा प्रसाद. साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ, त्यामुळे गर्दीला खंड नसतो. तिथून किल्ल्याकडे वळलं की पाच मिनिटांत माणूस दिसेनासा होतो. किल्ला मोठा आहे, तटाची रेघ डोंगराच्या वळणांबरोबर चढते-उतरते. हत्ती दरवाजाची कमान शाबूत आहे. आत इंजाळा तलाव, कोठारांच्या भिंती, महाकालीचं ठाणं, आणि बाकी सगळीकडे सीताफळ, घाणेरी आणि खाजकुइरी. बुरुजाच्या सांध्यात पिंपळ रुजलेत. हाताएवढं झाड मुळासकट काढता येतं. दहा वर्षांनी तेच मांडीएवढं झालं की काढताना बुरूज कोसळतो. म्हणून दर पावसाळ्यानंतर झाडं छाटण्याचं काम करावं लागतं. ते खर्चाचं नाही, सातत्याचं आहे. रेणुकेला येणाऱ्या लाखो भाविकांपैकी शेकड्यात एकानं जरी किल्ल्याकडे पाय वळवले, तर वाट मोकळी राहील आणि राखणदार ठेवणंही परवडेल.

जायचं तर ऑक्टोबर ते जानेवारी. पावसाळ्यात शेवाळानं पायऱ्या निसरड्या होतात, आणि मार्चनंतर दुपारी दगडाला हात लावत नाही. खाजकुइरीच्या शेंगा हिवाळ्यातच वाळतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. पाणी बरोबर घ्यावं, किल्ल्यावर प्यायला मिळत नाही. मुक्कामाला माहुरात भक्तनिवास आहेत. सकाळी सातला हत्ती दरवाजातून शिरलं तर उन्हं तापायच्या आत तटाची फेरी होते. इंजाळ्याच्या काठानं जाणारी वाट धरावी, ती वापरातली आहे.